खून एक, सभा अनेक : हॅरी केमेलमन यांची ‘फ्रायडे द रब्बाय स्लेप्ट लेट’

रहस्यकथा म्हणून दहापैकी सात, समितीच्या राजकारणाची कादंबरी म्हणून दहापैकी साडेनऊ. हॅरी केमेलमन यांच्या ‘फ्रायडे द रब्बाय स्लेप्ट लेट’ला (1964) गुण असे दोन हिश्शांत द्यावे लागतात. खून कुणी केला एवढंच शोधायला बसलेला वाचक सुरुवातीलाच वैतागतो. त्याला प्रेत हवं असतं आणि समोर येते बिघडलेली मोटार, दहावा माणूस न आल्यामुळे खोळंबलेली प्रार्थना आणि कराराचं नूतनीकरण होईल की नाही याची टांगती तलवार असलेला एक तरुण रब्बाय, म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्र शिकलेला माणूस. ही पानं भराभर उलटून पुढे गेलात तर पुस्तक हातचं गेलं म्हणून समजा. शेवटी खुनी ज्या रीतीने सापडतो ती रीत या मोटारीच्या भांडणातच शिकवलेली आहे, आणि हसू येतं तेही तिथूनच.

हे असं का झालं, याचं कारण पुस्तकाच्या जन्मात आहे. केमेलमन (1908–1996) बोस्टनचे. पेशाने शिक्षक. ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये ते निकी वेल्ट नावाच्या प्राध्यापकाच्या कथा लिहीत, त्यातली पहिली 1947 सालची, आणि तिच्यात निकी एका साध्या वाक्यावरून तर्काच्या पायऱ्या चढत थेट गुन्ह्यापर्यंत पोचतो. दुसरीकडे त्यांनी उपनगरातल्या ज्यू वस्तीवर, तिथलं नवं प्रार्थनास्थळ उभं राहण्यावर एक सरळ सामाजिक कादंबरी लिहिली होती. ती छापायला कुणी पुढे येईना. एका संपादकाने सुचवलं की या वस्तीत एक रहस्य घाला. केमेलमन यांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, आणि 1965 साली या पुस्तकाला उत्कृष्ट पहिल्या कादंबरीचा एडगर पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला रहस्यकथांसाठीचा पुरस्कार, मिळाला. वस्तीची कादंबरी आधी आणि खून नंतर, हा क्रम प्रत्येक पानावर जाणवतो. आमच्या मते तो फायद्याचाच ठरला आहे.

कथानक शेवट न फोडता सांगायचं तर असं. मॅसॅच्युसेट्समधलं बार्नर्ड्स क्रॉसिंग हे समुद्रकाठचं काल्पनिक गाव. लेखक स्वतः मार्बलहेडला राहत, आणि गावाचा नमुना तोच. गावात ज्यू कुटुंबं नव्याने स्थायिक झाली आहेत, त्यांनी नवं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधलं आहे आणि डेव्हिड स्मॉल नावाचा तरुण रब्बाय नेमला आहे. माणूस हुशार, अभ्यासू, पण कपडे चुरगळलेले, भेटीच्या वेळा विसरणारा, गोड बोलणं अजिबात न जमणारा. अध्यक्ष जेकब वॉसरमन त्याच्या बाजूने. मोटारविक्रीचा धंदा करणारा अल बेकर विरोधात. अशात सिनेगॉगच्या आवारात एका तरुण मुलीचं प्रेत सापडतं. ती जवळच्याच एका घरी मुलं सांभाळायला होती. तिची हातपिशवी मिळते रब्बायच्या गाडीत. त्या रात्री रब्बाय नव्याने आलेली पुस्तकं वाचत उशिरापर्यंत सिनेगॉगमध्येच बसलेला होता आणि गाडी आवारात ठेवून पायी घरी गेला होता. म्हणजे संशयितांच्या यादीत तोही आला.

पहिला प्रसंग जरा जवळून पाहू. सकाळची वेळ. प्रार्थनेला नऊ पुरुष जमले आहेत आणि दहाव्याची वाट पाहणं चालू आहे. पारंपरिक नियमाप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. हा कोरम म्हणजे मिनियान. प्रौढ म्हणजे 13 वर्षं पूर्ण झालेला. नऊ विद्वान जमले तरी ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणता येत नाही आणि दहा साधी माणसं जमली तर रब्बाय नसला तरी चालतो. कादंबरीतला सगळा ताण या एका नियमात आहे: समाजाला रब्बायवाचून सामूहिक प्रार्थना करता येते, रब्बायला समाजावाचून नाही. रब्बाय येतो, डावा हात कोटातून बाहेर काढतो, बाही वर सारतो आणि तेफिलिन बांधतो. तेफिलिन म्हणजे शास्त्रवचनं ठेवलेल्या चामडी डब्या. एक दंडावर, एक कपाळावर, चामडी पट्ट्यांनी बांधायच्या. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी तेफिलिन बांधत नाहीत. तेव्हा लेखकाने वार सांगितला नसता तरी हा शनिवार नव्हे, हे जाणकाराला पहिल्याच पानावर कळतं. केमेलमन यांचे पुरावे असेच असतात, समोर ठेवलेले आणि रोजच्या वापरातले.

आता मोटारीचं प्रकरण. बेन श्वार्त्झ आणि एब राइक हे दोघे मित्र. श्वार्त्झची गाडी राइकच्या हाती असताना तिचं ऑइल गळून गेलं आणि इंजिन कामातून गेलं. दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावर मैत्री तुटायची वेळ आली आहे, आणि दोघेही आपलंच खरं म्हणून बसले आहेत. रब्बाय सुचवतो की ‘दिन तोरा’ भरवू, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे निवाडा. दोघांनाही वाटतं की हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात मोटारीबद्दल काय असणार? आणि रब्बाय शांतपणे बैलापासून सुरुवात करतो.

इथे थोडं मागचं माहीत असेल तर मजा दुपटीने येते. नुकसानभरपाईचा कायदा तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाच्या ‘बावा कम्मा’ आणि ‘बावा मेत्सिया’ या भागांत आहे, आणि त्याचा पाया बायबलमधल्या ‘निर्गम’च्या 21 व्या आणि 22 व्या अध्यायांत. बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर पहिला प्रश्न हा की हा बैल आधी मारका होता का? तीनदा मारल्याचं ठरलं असेल आणि मालकाला बजावलं असेल तर पूर्ण भरपाई. नसेल तर निम्मी. दुसऱ्याची वस्तू हाती असणाऱ्यांचेही चार प्रकार आहेत. फुकट राखण करणारा, पैसे घेऊन राखण करणारा, भाड्याने घेणारा आणि उसनी मागून नेणारा. फुकट राखणाऱ्यावर जबाबदारी सर्वांत कमी, निष्काळजीपणा झाला तरच. उसनी नेणाऱ्यावर सर्वांत जास्त; कारण सगळा फायदा त्याचाच, तेव्हा अपघाताने झालेलं नुकसानही त्याच्याच माथी. पण त्यालाही एक सूट आहे. वस्तूचा मालक त्या वेळी त्याच्या कामात सोबत असेल तर उसनी नेणारा सुटतो.

म्हणजे समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एकाने शेजाऱ्याची गाडी त्र्यंबकेश्वरला नेली आणि अंजनेरीपाशी ऑइलचा लाल दिवा लागला. त्याने दुर्लक्ष केलं, इंजिन सीझ झालं. गॅरेजवाला सांगतो की ऑइल सील आधीपासूनच गळत होतं, जमिनीवरचे डाग कुणीच पाहिले नाहीत. आता बिल कुणाचं? आपण पटकन म्हणू, ज्याने नेली त्याचं. रब्बाय स्मॉल थांबवेल. गाडी त्याने स्वतःसाठी मागून नेली की मालकाच्याच घरच्यांना पोचवायला नेली? मालकाच्या घरचं कुणी गाडीत होतं का? गळती मालकाला माहीत होती का? असेल, तर त्याने बजावलं होतं का? दिवा लागला तो किती किलोमीटर आधी? प्रत्येक प्रश्नागणिक जबाबदारी एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकते. कादंबरीतला निवाडा काय लागतो ते इथे सांगत नाही. इतकंच सांगतो, की निकाल ऐकून दोन्ही पक्ष ज्या रीतीने समेटावर येतात तो प्रसंग पुस्तकातल्या सर्वांत हसवणाऱ्या जागांपैकी एक आहे, आणि रब्बायने त्यात एकही विनोद केलेला नाही.

या पद्धतीला पिलपुल म्हणतात. ज्यांनी पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची मांडणी वाचली आहे, किंवा ‘धर्मसिंधु’ उघडून एखाद्या तिथीचा निर्णय करणारे शास्त्री पाहिले आहेत, त्यांना ती परकी वाटणार नाही. तालमूदचं छापील पान मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला राशी या भाष्यकाराची टीका, दुसऱ्या बाजूला तोसाफोत ही नंतरच्या विद्वानांची टीका, असं असतं. भाष्य आणि टीका घेऊन छापलेल्या आपल्या पोथ्यांचा घाट असाच. दोन प्रकरणं सारखी दिसत असतील तर त्यांच्यातला फरक शोधायचा, आणि वेगळी दिसत असतील तर साम्य शोधायचं. स्मॉल खुनाच्या तपासात याहून वेगळं काहीही करत नाही. तो पावलांचे ठसे बघत नाही, रसायनं तपासत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही. पोलिसांनी गोळा केलेलीच माहिती घेतो आणि विचारतो, हे असं असेल तर ते तसं का नाही? मोटारीचा निवाडा न वाचता शेवटच्या उलगड्याला पोचलेल्या वाचकाला तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. निवाडा वाचलेल्याला तोच उलगडा न्याय्य वाटतो, कारण खेळाचे नियम त्याला आधीच सांगितलेले असतात.

आता विनोद. हे पुस्तक खदाखदा हसवत नाही. ते सभेच्या इतिवृत्तासारखं हसवतं. समितीच्या बैठका होतात, विषय असतो रब्बायचा करार पुढे चालवायचा की नाही. कुणी उघडपणे म्हणत नाही की माझं याच्याशी जमत नाही. प्रत्येक जण समाजाचं हित पुढे करतो. पँटला इस्त्री नसते, बाहेरच्या लोकांत आपली प्रतिमा काय राहणार? भाषण देतो ते फार विद्वत्तेचं, तरुण पिढी कशी येणार? आणि अर्ध्या लोकांना मुळात सभा लवकर संपायला हवी असते. इंदिरानगर किंवा सिडकोतल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा ज्याने शेवटपर्यंत बसून ऐकली आहे, त्याला या बैठका ओळखीच्या वाटतील: पार्किंगच्या विषयावर बोलणारा प्रत्यक्षात मागच्या निवडणुकीचा हिशोब चुकता करत असतो, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मात्र खोलीत नसतो. केमेलमन यांची खुबी अशी की ते कुणालाही खलनायक करत नाहीत. बेकर विरोधक आहे, पण मित्रासाठी जिवाचं रान करणारा आहे. त्याचा धंद्यातला भागीदार मेल ब्रॉन्स्टीन संशयाच्या फेऱ्यात येतो तेव्हा बेकरची जी धडपड सुरू होते, तिथे हसता हसता वाचक गंभीर होतो.

विनोद टिकतो तो रब्बायच्या गांभीर्यावर. त्याला आपलं वागणं चमत्कारिक आहे हे कळत नाही असं नाही. त्याला ते महत्त्वाचं वाटत नाही. नोकरी वाचवायची तर समितीतल्या चार जणांना चहाला बोलवावं, दोघांची स्तुती करावी, हे त्याची बायको मिरियम त्याला कळकळीने सांगते. तो ऐकतो आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालतो. लेखकाने मिरियमला कजाग किंवा भोळी केलेलं नाही. घरभाड्याची, उद्याच्या पोटाची काळजी तिला आहे आणि नवऱ्याचा अभिमानही आहे. त्यांचे संवाद थोडके आहेत. आणखी हवे होते.

मराठी वाचकाने एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, नाहीतर निम्म्या भांडणांचा अर्थ लागत नाही. रब्बाय म्हणजे पुजारी नव्हे, देव आणि भक्त यांच्यामधला दुवाही नव्हे. तो शास्त्र शिकलेला माणूस, शिक्षक आणि न्यायाधीश. मंडळी त्याच्याकडून अपेक्षा करतात ती मात्र शेजारच्या चर्चमधल्या पाद्र्यासारखी: समारंभात छान दिसावं, आजाऱ्याला भेटावं, देणगीदारांना खूश ठेवावं. स्मॉलला करायचं असतं शास्त्राचं काम. सगळी कादंबरी या एका गैरसमजावर फिरते.

आपल्याकडच्या ज्यूंकडे पाहिलं तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. कोकणातल्या बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर. मातृभाषा मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने होणाऱ्या मलिदा या विधीत गोड पोहे, खोबरं, फळं. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रब्बाय नव्हतेच. प्रार्थना हज्जान सांगे, समाजाचा कारभार मुकादम पाही, पैशांचा हिशोब गब्बाय ठेवी. 1796 साली मुंबईत मांडवीला त्यांचं पहिलं सिनेगॉग, शारे रहामीम, उभं राहिलं तेही कुणा रब्बायने नव्हे, तर सॅम्युएल इझिकेल दिवेकर या फौजेतल्या अधिकाऱ्याने बांधलं म्हणून. तेव्हा ‘रब्बायवाचून समाज चालतो’ हे केमेलमन यांच्या समिती-सदस्यांना जे सभेत ओरडून सांगावं लागतं, ते इथल्या मराठी ज्यूंनी शतकानुशतकं करून दाखवलं. नाशिकहून पुण्याला गेलात तर कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे 1867 चं ओहेल डेव्हिड, निदान बाहेरून तरी पाहून या. ते बगदादी ज्यूंचं. विटांच्या त्या उंच मनोऱ्याकडे पाहिलं की एवढी वास्तू सांभाळणाऱ्या विश्वस्तांना किती सभा घ्याव्या लागत असतील याचा अंदाज येतो आणि वॉसरमनबद्दल आदर वाटू लागतो.

पोलीसप्रमुख ह्यू लॅनिगन हा कादंबरीचा दुसरा आधारस्तंभ. तो आयरिश कॅथलिक, धर्माने वाढलेला, स्वभावाने मोकळा. रब्बाय संशयित असतानाही तो त्याच्याशी सभ्यपणे बोलतो, आणि दोघांच्या गप्पा तपासावरून धर्माकडे वळतात. श्रद्धा मोठी की आचरण? पापाची कबुली कुणाजवळ द्यायची? रब्बायची ताकद नेमकी कुठून येते? रहस्यकथेच्या वाचकांना या गप्पा मध्येच घातलेलं कीर्तन वाटतात, ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. अंशतः ती खरी आहे. एकदोन ठिकाणी रब्बाय उत्तर देत नाही, व्याख्यान देतो. पण या गप्पांतूनच लॅनिगनला कळतं की समोरचा माणूस खोटं बोलणार नाही, आणि वाचकाला कळतं की गावात ज्यूंकडे कसं पाहिलं जातं. खुनानंतर वस्तीवर येणारं सावट, टोमणे, दारातून परत फिरणाऱ्या नजरा, या सगळ्याची दखल पुस्तक घेतं. हसत्या पुस्तकात ही बाजू इतक्या सरळपणे आलेली क्वचितच दिसते.

रहस्याचा भाग न्याय्य आहे का? आहे. उलगड्याला लागणारी माहिती आधी सांगितलेली आहे. मुलीच्या कपड्यांचं वर्णन, हातपिशवी, कोण किती वाजता कुठे होतं, या तीन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. वेळांचा तक्ता कागदावर मांडाच. तक्त्याला दोन रकाने पुरत नाहीत, कारण या पुस्तकात दिवस दोन प्रकारे बदलतो. पोलिसांचा दिवस मध्यरात्री बदलतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शुक्रवार संध्याकाळपासूनच शब्बाथ लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर संपतो. आपल्या डोक्यात आणखी तिसरं गणित असतं, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा वार. खून होतो गुरुवारी रात्री, प्रेत सापडतं शुक्रवारी. वेळा लिहिताना ‘गुरुवार रात्र’ एवढंच न लिहिता घड्याळाचा आकडा लिहा, नाहीतर कुणाची साक्ष कुणाच्या आधीची यात घोळ होतो आणि दोष लेखकावर जातो.

उणिवा आहेत, आणि त्या झाकण्यासारख्या नाहीत. खुनामागचं कारण पटतं, पण खुनी माणूस म्हणून पुरेसा उभा राहत नाही. उलगड्याआधी त्याची आणि आपली ओळख फारच थोडी होते. मारली गेलेली मुलगी, एल्स्पेथ ब्लीच, ही तर कोडं घालण्यापुरतीच येते. तिचं एकटेपण, तिची अडचण यांकडे पाहायला पुस्तकाला सवड नाही, आणि ती सवड काढायला हवी होती. एकूणच बायका कडेला आहेत. मिनियानमध्ये त्यांची गणती नाही ती तर त्या काळची रीतच. अमेरिकेतल्या ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव पंथाने स्त्रियांना मिनियानमध्ये धरायला परवानगी दिली ती 1973 साली, म्हणजे पुस्तकानंतर नऊ वर्षांनी. पण घराच्या आतही त्या काय विचार करतात हे मिरियम सोडली तर कळत नाही. तिसरी उणीव पोलिसी कामाची. चौकशी फार सैल आहे आणि पुरावे हाताळण्याची पद्धत 1964 साल धरूनही ढिली वाटते.

वाचायला बसताना दोन अडचणी येतात. पहिली नावांची. सुरुवातीच्या प्रकरणांत वॉसरमन, बेकर, श्वार्त्झ, राइक, ब्रॉन्स्टीन एकामागून एक येतात आणि आडनावाने हाक मारायची पद्धत असल्यामुळे कोण कुणाचा कोण हे विसरायला होतं. जाड कागदाची खूणपट्टी घ्या, तिच्यावर तीन रकाने आखा: सिनेगॉग, पोलीस, गाव. नाव आलं की योग्य रकान्यात लिहा आणि पुढे एका शब्दात काम लिहा, ‘अध्यक्ष’, ‘मोटारवाला’, ‘गाडीचा मालक’. सिनेगॉगचा रकाना भरला की पुढचं वाचन सरळ होतं. दुसरी अडचण प्रतीची. जुन्या खिशात मावणाऱ्या प्रतींचा कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, पाठीचा सरस वाळलेला असतो. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात अशी प्रत पूर्ण उघडून पालथी ठेवली की पाठ मोडते आणि पानांचा गठ्ठा सुटून हातात येतो. घेताना मधलं पान उघडून पाहा. कडक आवाज आला तर ती प्रत सोडा किंवा वाचताना साठ-सत्तर अंशांपलीकडे उघडू नका. टाइपही बारीक असतो. ई-पुस्तक मिळतं आणि चाळिशी ओलांडलेल्यांना आम्ही तेच सुचवू. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, प्रकरणं छोटी, निम्म्याहून जास्त पानं संवादाची. दोनशेच्या आगेमागे पानांचं पुस्तक, बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या माणसाला आठवड्यात होतं.

मिळून वाचणाऱ्यांसाठी हे पुस्तक फारच चांगलं आहे. सार्वजनिक वाचनालयाची परंपरा 1840 पासून सांगणाऱ्या शहरात असे गट कमी नाहीत, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. तीन बैठका करा. पहिल्या बैठकीला फक्त मोटारीचा निवाडा घ्या. दोघांना श्वार्त्झ आणि राइक करा, बाकीच्यांनी निकाल द्यावा, आणि मगच लेखकाचा निकाल वाचावा. इथे घाई केली की पुढच्या दोन बैठका फसतात, कारण मंडळी तर्काऐवजी अंदाज बांधू लागतात. दुसरी बैठक प्रेत सापडल्यापासून ब्रॉन्स्टीनवर संशय येईपर्यंत. या टप्प्यावर प्रत्येकाने खुन्याचं नाव आणि एका ओळीत कारण चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात द्यावं. कारण लिहायला लावणं महत्त्वाचं. नुसतं नाव कुणाचंही बरोबर येतं. तिसऱ्या बैठकीला उलगडा वाचून पाकिटं उघडा आणि ज्याचं कारण बरोबर त्यालाच गुण द्या. सत्तरी ओलांडलेली, न्यायालयात किंवा सहकारी बँकेत आयुष्य काढलेली मंडळी यात हमखास पुढे असतात. शेवट माहीत असलेला एखादा गटात असेल तर त्याला इतिवृत्त लिहायला बसवा.

पडद्यावर ही कथा 1976 साली ‘लॅनिगन्स रब्बाय’ या नावाने दूरचित्रवाणीसाठी आली, पुढच्या वर्षी थोडी मालिकाही झाली. नावावरूनच कळेल की तिथे पोलीसप्रमुख पुढे आला. मोटारीच्या बैलाला तिथे फारसा वाव नाही, तेव्हा पुस्तक वाचल्याशिवाय ती पाहू नये.

पुढचे भाग वारांच्या क्रमाने आहेत आणि त्याच क्रमाने वाचावेत, कारण समितीतली माणसं बदलत जातात, रब्बायचं घर वाढतं आणि कराराचा वाद दर वेळी नव्या रूपात येतो. शनिवारचा भाग (1966) आम्ही पहिल्याच्या खालोखाल ठेवतो: योम किप्पुरच्या उपासाच्या दिवशी एक मृत्यू होतो, तो आत्महत्या असेल तर ज्यू दफनभूमीत जागा मिळणार की नाही या प्रश्नावर समिती दुभंगते, आणि इथे शास्त्र आणि तपास एकमेकांत पूर्ण मिसळले आहेत. रविवारचा (1969) बरा. सोमवारचा (1972) मुख्यतः इस्राएलमध्ये घडतो, म्हणून समिती थोडी मागे पडते. मंगळवारचा (1973) कॉलेजात घडतो आणि वर्गातल्या चर्चा वाचनीय आहेत. बुधवार (1976) आणि गुरुवार (1978) सवडीने वाचा. एकच घ्यायचं असेल तर शुक्रवारचा, दोन घ्यायचे असतील तर त्याला शनिवारचा जोडा. आणि शनिवारचा आधी हाती आला तरी तो बाजूला ठेवा, कारण लॅनिगन आणि स्मॉल यांची मैत्री कशी जमली हे ठाऊक नसेल तर तिथला त्यांचा एकमेकांवरचा विश्वास उपरा वाटतो.